खर्च कोणाच्या नावावर मांडला?

प्रति,
सर्वोच्च न्यायालय व उच्च न्यायालयांचे माननीय न्यायमूर्ती,
तसेच प्रकल्पांना मंजुरी देणारे केंद्र व राज्य शासनांचे सचिव



सरकारी कामाचा फायदा आणि त्याची किंमत कागदावर मांडून मगच काम मंजूर करायचे, ही शिस्त भारतात प्रामुख्याने पाटबंधाऱ्यांच्या कामांत घडली. इंग्रजी अमलात कालव्याकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले जाई. पाणीपट्टीतून भांडवलावर ठरलेला परतावा सुटत असेल तर काम मंजूर होई, नाही तर बहुधा बाजूला पडे. या हिशेबात शेतकऱ्याच्या पदरात काय पडते याला जागा नव्हती. धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला आणि सरकारी तिजोरीपलीकडचा लाभ मोजता येतो हे त्यातून दिसले. पुढे 1964 मध्ये गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालील समितीने परताव्याऐवजी लाभ-व्यय गुणोत्तराची कसोटी सुचवली. वार्षिक लाभ वार्षिक खर्चाच्या किमान दीडपट असावा आणि दुष्काळप्रवण भागात निदान बरोबरीचा असावा, हा दंडक त्यातूनच रूढ झाला.

ही मोठी सुधारणा होती. मात्र गुणोत्तर एकाच प्रश्नाचे उत्तर देते: एकूण मिळाले किती आणि एकूण गेले किती. कोणाला मिळाले आणि कोणाचे गेले, हे ते सांगत नाही. या पद्धतीचा उगम मानल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या 1936 च्या पूरनियंत्रण कायद्यातच ही उणीव आहे. लाभ कोणालाही होवो, तो खर्चाहून अधिक असला की पुरे, अशी त्याची कसोटी आहे. धरणाच्या बाबतीत लाभक्षेत्र आणि बुडीत क्षेत्र सहसा एक नसते. मुळशीला 1921 मध्ये सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले, तेव्हा वीज मुंबईला जायची होती आणि भाताची खाचरे मुळशी पेट्यातली बुडायची होती. त्या खाचरांचे मालक आणि त्या विजेचे ग्राहक यांची बेरीज एकाच रकान्यात केली की मुख्य तंटाच हिशेबातून नाहीसा होतो.

शासनाच्या मंजुऱ्या आणि न्यायालयांचे निकाल या दोन्हींवरचा पहिला आक्षेप हाच आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाइतके त्याचे सविस्तर उदाहरण दुसरे नाही.

नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर 1979 मध्ये अंतिम निवाडा दिला. धरणाची पूर्ण संचय पातळी 138.68 मीटर ठरली. उपयोगात आणता येणाऱ्या 280 लाख एकर-फूट पाण्यापैकी गुजरातला 90 लाख, मध्य प्रदेशाला 182.5 लाख, राजस्थानला 5 लाख आणि महाराष्ट्राला अडीच लाख एकर-फूट मिळाले. विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के ठरला. त्या बदल्यात महाराष्ट्राची आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांमधली 33 गावे बुडीत क्षेत्रात आली. राज्याचा हिशेब कदाचित जुळला असेल, त्यांतल्या मणिबेली गावाचा जुळला नाही. राज्याच्या वीजजाळ्यात येणारा 27 टक्के वाटा नर्मदेच्या काठी राहणाऱ्या कुटुंबाच्या नावावर जमा होत नाही.

लवादाला याची जाणीव होती, हे नमूद केले पाहिजे. चतुर्थांशाहून अधिक जमीन गेलेल्या खातेदाराला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, सज्ञान मुलाला वेगळे कुटुंब धरावे आणि पुनर्वसन झाल्याशिवाय कोणालाही बुडवू नये, या अटी त्याच निवाड्यात आहेत. त्या काळात देशात इतका स्पष्ट शब्द क्वचितच दिला गेला होता. पण हा शब्द धरला होता 'खातेदारा'वर. ज्याची शेती महसुलाच्या दप्तरात आहे तो खातेदार. सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली बरीच जमीन दप्तरात वनजमीन होती, म्हणजे कसणारा अतिक्रमणदार.

भूसंपादनाचा पंचनामा जवळून पाहिला तर हिशेबात काय शिरते आणि काय गळते, हे कळते. घराचे सागाचे खांब मोजले जातात, कौले आणि कुडाच्या भिंती मोजल्या जातात. बांधकाम खात्याच्या दरसूचीप्रमाणे त्यांची किंमत काढून वयोमानाप्रमाणे घसारा वजा होतो. बांधावरची आंब्याची झाडे मोजली जातात. सातबारा असेल तर जमिनीचे क्षेत्र आणि खरेदीखतांवरून दर लागतो, आणि जिथे जमिनीची खरेदी-विक्रीच होत नाही तिथे तो दर अगदीच किरकोळ निघतो. पंचनामा इथे संपतो. फाल्गुन-चैत्रात वेचून वाळवलेली मोहफुले, चारोळी, तेंदूपाने, गुरांचा फुकट चारा, नदीतले मासे, पूर ओसरल्यावर गाळपेरावर येणारे पीक, धडगाव-मोलगीच्या बाजारात यातून होणारी विक्री आणि पेरणी-कापणीला मजुरी न मोजता येणारे शेजारी, यांतल्या कशालाच पंचनाम्यात रकाना नाही. पुनर्वसन वसाहतीत गेल्यावर मात्र यातली प्रत्येक गोष्ट रोख पैसे देऊन घ्यावी लागते. म्हणजे खर्च होतो, फक्त तो प्रकल्पाच्या खात्यातून न होता कुटुंबाच्या खात्यातून होतो.

नियोजन आयोगाने 1988 मध्ये सरदार सरोवराला 6,406 कोटी रुपयांची मान्यता दिली, तेव्हा हा खर्च आकड्यांत आला नव्हता. पर्यावरण मंजुरीही जून 1987 मध्ये सशर्त दिली गेली होती. पाणलोट क्षेत्राची कामे, लाभक्षेत्राचा आराखडा, वनस्पती व प्राणिजीवनाची पाहणी हे सारे अपुरे होते आणि बांधकामाबरोबरच पूर्ण करायचे होते. ज्या गोष्टी तोलून मग निर्णय घ्यायचा, त्याच गोष्टी निर्णयानंतर गोळा करायच्या असे ठरले. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने जून 1992 च्या अहवालात याच उणिवांवर बोट ठेवले. पुढल्या वर्षी बँकेचे कर्ज थांबले.

नर्मदा बचाओ आंदोलनाची याचिका 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. 1995 मध्ये बांधकाम 80 मीटरच्या आसपास थांबवले गेले, 1999 मध्ये 85 मीटरपर्यंत परवानगी मिळाली आणि 18 ऑक्टोबर 2000 रोजी अंतिम निकाल लागला. न्या. बी. एन. कृपाल यांनी सरन्यायाधीश ए. एस. आनंद यांच्यासह दिलेल्या बहुमताच्या निकालाने 90 मीटरपर्यंत लगेच आणि पुढे टप्प्याटप्प्याने, पुनर्वसन व पर्यावरण उपगटांच्या संमतीने, काम करू दिले. धरण बांधायचे की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे, मोठा खर्च होऊन गेल्यावर आव्हान देण्यात उशीर झाला आहे, आणि विस्थापन झाले म्हणून मूलभूत हक्कांचा भंग होतोच असे नाही, ही त्याची मुख्य कारणे. न्या. एस. पी. भरुचा यांनी भिन्नमत नोंदवले. आवश्यक माहितीच नसताना दिलेली पर्यावरण मंजुरी टिकत नाही, तेव्हा तज्ज्ञ समितीने नव्याने तपासणी करेपर्यंत काम थांबावे, असे त्यांचे म्हणणे होते.

कच्छ आणि सौराष्ट्राची तहान खरी होती आणि नर्मदेचे पाणी तिथे पोहोचले, हे बहुमताच्या बाजूने प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. आक्षेप लाभ धरल्याबद्दल नाही. लाभ पानापानांवर विस्ताराने येतो, आणि खर्च मात्र 'झालेला खर्च' म्हणजे सिमेंट-काँक्रीटमध्ये गेलेला पैसा एवढ्याच अर्थाने येतो, हा आक्षेप आहे. झालेला खर्च निर्णय कसाही झाला तरी परत येत नसतो. पुढे काय मिळणार आणि पुढे काय जाणार, एवढेच तोलायला उरलेले असते. हा अर्थशास्त्राचा पहिल्या वर्गातला धडा आहे, आणि निकालांत तोच उलटा वापरला जातो.

लवादाच्या निवाड्यातल्या दोन हेक्टरांचे पुढे काय झाले, तेही पाहावे. 8 फेब्रुवारी 2017 रोजी याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या 681 कुटुंबांना दोन हेक्टर जमिनीऐवजी प्रत्येकी 60 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. एकूण रक्कम सुमारे 409 कोटी होते. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला धरणाचे लोकार्पण झाले. 1988 च्या आणि 2017 च्या दरांची सरळ तुलना होत नाही, हे मान्य. तरीही पुनर्वसनाची खरी किंमत निवाड्यानंतर 38 वर्षांनी, धरण पूर्ण होत आले असताना, न्यायालयाच्या आदेशातून कळावी, यावरून मूळ गुणोत्तराचा पाया किती कच्चा होता हे समजते.

तेव्हा पहिली विनंती सचिवांना आहे. प्रकल्प अहवालात लाभ-व्यय गुणोत्तराशेजारी दुसरे एक कोष्टक असावे. लाभ कोणत्या तालुक्यांत आणि कोणत्या वर्गाला, खर्च कोणत्या गावांत आणि कोणत्या वर्गाला, असे ते असावे. सातबारा नसलेल्यांच्या उपजीविकेचा त्यात स्वतंत्र रकाना असावा. हे कायद्याला नवे नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन बंधनकारक केले. सामाजिक किंमत लाभाहून जास्त असेल तर प्रकल्प सोडून देण्याची शिफारस करण्याचा अधिकार तज्ज्ञ गटाला दिला. पुढे अनेक राज्यांनी त्यातून सूट देणाऱ्या दुरुस्त्या केल्या आणि 2018 मध्ये महाराष्ट्रानेही केली. मोजणीत वेळ जातो, हे सुटीचे कारण सांगितले जाते. मोजले नाही म्हणून वेळ वाचल्याचे सरदार सरोवरात तरी दिसले नाही. पर्यावरणाचीही तीच गत आहे. 2006 च्या अधिसूचनेत पर्यावरणीय लाभ-व्यय विश्लेषणाचे प्रकरण आहे, पण अभ्यासाची व्याप्ती ठरवताना ते सुचवले गेले असेल तरच ते लिहायचे आहे. हे ऐच्छिकपण काढून टाकावे.

गुणोत्तरात आणखी दोन ठिकाणी वजन सरकते. एक म्हणजे भविष्यातल्या रुपयाला आज किती मोल द्यायचे. 50 वर्षांनी होणारे 100 रुपयांचे नुकसान दरसाल 10 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले तर ते अवघे 85 पैसे भरते. 4 टक्क्यांनी आणले तर 14 रुपये भरते. गाळाने भरणारा जलाशय, क्षारपड होणारी जमीन, नदीमुखाशी आत घुसणारे खारे पाणी, ही सगळी नुकसाने उशिरा येणारी आहेत. दर कोणता धरला यावरच ती हिशेबात दिसतात किंवा पुसली जातात. तरीही हा दर का निवडला याचे कारण मंजुरीच्या कागदात क्वचितच सापडते. ते लिहिले जावे.

दुसरे ठिकाण म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, जिला पाटबंधारे खात्यात 'सुप्रमा' म्हणतात. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दला पहिली मान्यता मिळाली ती 372 कोटींची. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले, 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि सुधारित किंमत 18,000 कोटींच्या पुढे गेली. महागाई, वाढलेली कामे, भूसंपादनाचे नवे दर ही कारणे असतात आणि त्यांतली काही खरीही असतात. पण दर सुप्रमाच्या वेळी आधीचा खर्च झालेलाच असतो, त्यामुळे 'आता थांबणे परवडत नाही' हेच उत्तर निघते. पहिला अंदाज कमी धरण्याची शिक्षा कोणालाच होत नाही आणि बक्षीस मात्र मंजुरीच्या रूपाने मिळते. प्रत्येक सुप्रमासोबत मूळ अंदाजातली चूक नेमकी कुठे होती आणि नवा अंदाज कोणाच्या सहीचा, हे जाहीर व्हावे.

न्यायमूर्तींकडे वळताना, न्यायालयांना परिणाम मोजता येत नाहीत ही समजूत आधी बाजूला ठेवली पाहिजे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये वळवलेल्या वनजमिनीचे निव्वळ वर्तमान मूल्य वसूल करण्याचा आदेश दिला, 2005 मध्ये कांचन चोप्रा यांची समिती नेमवली आणि 2008 मध्ये हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये असे दर मान्य केले. अभयारण्याला त्याच्या पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानाला दहापट. वनाला किंमत लावता येते तर वनावर जगणाऱ्या कुटुंबालाही लावता आली असती. ती रक्कम वनीकरणासाठी सरकारी निधीत जाते, मोहफुले वेचणाऱ्या घरात येत नाही.

परिणाम माणसांच्या बाजूने पाहिल्याचा दाखलाही महाराष्ट्रातूनच देता येतो. राज्याने 2005 मध्ये डान्स बारवर बंदी घातली, उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती रद्द केली आणि जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. महिलांचे शोषण थांबवणे हा बंदीचा सांगितलेला हेतू होता. सुमारे 75,000 महिलांचे काम गेले आणि त्यांतल्या अनेकींवर याहून वाईट मार्ग पत्करण्याची वेळ आली, याची न्यायालयाने दखल घेतली आणि उपायच रोगापेक्षा जड झाल्याचे म्हटले. धोरण ज्यांच्या नावाने केले त्यांच्यावर ते कसे उतरले, हे विचारले की तोल कसा बदलतो, हे त्या निकालात दिसते.

पण हा प्रश्न विचारला जाईलच याची खात्री नसते. महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, हा डिसेंबर 2016 चा आदेश अपघातांच्या खऱ्या चिंतेतून आला. मार्च 2017 मध्ये लहान गावांसाठी अंतर 220 मीटर झाले आणि जुलैत शहरी हद्दीतले रस्ते वगळण्याची वाट मोकळी झाली. मधल्या काळात बंद पडलेल्या हॉटेलांतले वेटर आणि आचारी या खटल्यात पक्षकार नव्हते. अंतराचे परिणाम आधी मागवून घेतले असते तर सात महिन्यांत एवढे फेर करावे लागले नसते.

गोव्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 2014 मध्ये न्यायालयाने खनिज उत्खननाला वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या 10 टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितली. उशिरा येणाऱ्या खर्चाला आजच नाव देणारा हा निर्णय अनुकरणीय आहे. राज्याने लिलाव न करता घाईने केलेली 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणे 7 फेब्रुवारी 2018 रोजी रद्द झाली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. बेकायदा नूतनीकरण रद्द होणे योग्यच होते. चूक सरकारची आणि पट्टेधारकांची होती, हप्ते थकले ते डिचोली, सत्तरी, सांग्यातल्या ट्रकमालकांचे आणि बार्जवरच्या कामगारांचे. ज्यांच्या शेतात खाणीची माती वाहून आली आणि ज्यांच्या विहिरी आटल्या, त्यांचे नुकसान तर त्याआधी कित्येक वर्षे चालू होते आणि ते भरून देण्याचा प्रश्न मागेच राहिला. बेकायदा काम थांबवताना त्याचा भार कोणी उचलायचा हेही त्याच आदेशात ठरावे, ही न्यायालयांकडे विनंती आहे. नफा ज्यांनी घेतला त्यांच्याकडून वसुली आणि ज्यांचा दोष नाही त्यांना मुदतीची मदत, हे न्यायालयाच्या अधिकाराबाहेरचे नाही.

2017 मध्ये कर्नाटकातल्या दोन साखर कारखान्यांमधील अंतराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याचे दोन अर्थ निघत असतील तर रोजगार आणि अर्थव्यवस्थेला घातक ठरणारा अर्थ टाळावा, असे सांगितले. हे तत्त्व रास्त आहे. मात्र अर्थव्यवस्था म्हणजे उभा कारखाना एवढेच धरले, तर ते तत्त्व नेहमी ज्याने आधी बांधले त्याच्या बाजूला झुकते. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेत नेमके हेच पुढे आले. 16 मे 2025 रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी बांधकामानंतर मिळणारी पर्यावरण मंजुरी बेकायदा ठरवली. 18 नोव्हेंबर 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी बहुमताने तो निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्याने सुनावणीसाठी पाठवले. सुमारे 20,000 कोटींचे सार्वजनिक प्रकल्प, त्यांत एक रुग्णालय आणि एक विमानतळ, पाडावे लागतील आणि पाडापाडीनेही प्रदूषणच होईल, हे कारण होते. न्या. भुयान यांनी सविस्तर भिन्नमत लिहिले.

रुग्णालय पाडू नये, हे कोणालाही पटेल. पण त्या 20,000 कोटींसमोर दुसऱ्या बाजूला काय ठेवायचे, हे ठरलेले नाही. आधी बांधायचे, मग दंड भरायचा हा मार्ग खुला राहिला तर पुढचे किती बांधणारे मंजुरीसाठी थांबतील? प्रत्येक न थांबणाऱ्यामागे कोणती खाडी, कोणता पाणवठा, कोणती वस्ती असेल? या खर्चाचा आकडा काढणे कठीण आहे, म्हणून तो शून्य धरला जातो. पाडणे किंवा माफ करणे एवढे दोनच पर्यायही नसतात. प्रकल्पनिहाय तपासणी, नफ्याशी निगडित दंड, अधिकाऱ्यांची वैयक्तिक जबाबदारी, जनसुनावणी नव्याने घेणे, असे मधले पर्याय आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

त्या फेरसुनावणीच्या निमित्ताने न्यायालयाला नेमके असे विनवावेसे वाटते: शासनाकडून केवळ अडकलेल्या प्रकल्पांची यादी न मागवता, प्रत्येकाने मंजुरी का घेतली नव्हती, भोवतालच्या लोकांचे काय नुकसान झाले आणि ते कोण भरणार, याचे शपथपत्र मागवावे. बाधित गावांच्या वतीने न्यायमित्र नेमावा. कोणता परिणाम धरला आणि कोणता सोडला, हे निकालातच लिहावे. बांधकाम चालू असताना येणाऱ्या याचिकांवर अंतरिम आदेशाचा निर्णय पहिल्या काही आठवड्यांत व्हावा, म्हणजे सुनावणी रेंगाळत असताना होणारा खर्च याचिकाकर्त्याच्या विरोधात पुरावा ठरणार नाही. आणि निकालानंतर पाच वर्षांनी, गृहीत धरलेले लाभ मिळाले की नाही याचा अहवाल शासनाने त्याच न्यायालयात दाखल करावा.

कळावे,

आपला विश्वासू,
एक नागरिक